आक्काची ठासणीची बंदूक

वऱ्हाडातून परत येऊन आता महिना होत आला. आईला सगळं सांगून झालं, आळीत सांगून झालं, बाजारात फुलांच्या पाट्या मांडून बसल्यावर शेजारच्या माळ्यांनाही सांगून झालं. ऐकणारा प्रत्येक जण शेवटी माझा उजवा खांदा पाहायला मागतो. खांद्यावर आता काही दिसत नाही, तेव्हा निदान कागदावर तरी राहावं म्हणून लिहायला बसलो आहे.

मी पुण्याचा फुलमाळी. आमच्या घरात कोयता आणि खुरपं यांपलीकडे हत्यार कधी आलं नाही. माझी थोरली बहीण गोदाआक्का मामांच्या ओळखीनं वऱ्हाडात दिली, त्याला बरीच वर्षं झाली. लांबचा मुलूख, त्यामुळे तिचं माहेरी येणं लग्नानंतर एकदाच झालं होतं. या पावसाळ्यात एक बैलांचा व्यापारी आमच्या आळीत उतरला. त्यानं आईच्या कानावर घातलं की तुमच्या जावयाच्या घरी दुसऱ्या लग्नाचं बोलणं चाललं आहे. आक्काला मूलबाळ नाही. आईनं दोन दिवस धड जेवण केलं नाही. मग मला म्हणाली, "भाऊबिजेचं निमित्त आहे. जा, आणि डोळ्यांनी पाहून ये. पोर दुःखात असेल तर घेऊनच ये."

अकोला

आगगाडी जिथवर होती तिथवर आगगाडीनं गेलो, पुढं एका गुजराती व्यापाऱ्याच्या बैलगाडीतून. त्या हाडं खिळखिळी होण्याची हकीकत सांगत नाही. अकोल्याच्या अलीकडे रेल्वेचा भराव घालणं चाललं होतं. बायामाणसं टोपल्यांनी काळी माती वाहत होती, आणि त्या भरावाच्या खालून कापसाच्या गाड्यांची रांग उमरावतीच्या बाजाराकडे चालली होती. रांगेला शेवट दिसत नव्हता. अमेरिकेत लढाई लागली आणि विलायतेला कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडात पैशाचा हा दसरा. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या पाहिल्या. एका गाडीवानानं मखमली अंगरखा घातला होता आणि त्याच अंगरख्यानं तो बैलाचं नाक पुसत होता.

दाजी, म्हणजे आक्काचे यजमान सखाराम, मला घ्यायला आले होते. धिप्पाड माणूस, मिशा मोठ्या, आवाज मात्र मऊ. मला पाहताच हात जोडून म्हणाले, "या सायेबुवा."

मला वाटलं, पुण्याचा म्हणून मला साहेब म्हणून चिडवतात. मी म्हणालो, "दाजी, मी कसला साहेब, मी फुलं विकतो."

"मंग? फुलं इकनारा साया नसते का?" ते म्हणाले. गाडीत बसून कोसभर गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो. ते मला साळेबुवा, म्हणजे मेहुणे म्हणत होते.

मनात आईचं बोलणं होतं. पण या मऊ आवाजाच्या माणसाला एकदम विचारू कसं? वाटभर मी पिकाचं बोलत राहिलो. दोन्ही बाजूंना कापूस, नजर पोचेपर्यंत कापूस. नुकती बोंडं उकलत होती. मी फुलांचा माणूस, पण पांढऱ्या रंगाचा एवढा मोठा ताटवा मी कधी पाहिला नव्हता.

सावरखेड

आक्काचं गाव बाळापूरच्या अलीकडे आहे. आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दाजींनी गाडी घरी न नेता मळ्याकडे वळवली. "तुही बहीन तिथंच असन," म्हणाले.

मळा पाहून बरं वाटलं. आजूबाजूला सगळ्यांनी कापूस लावला होता, पण यांच्याकडे वांगी, मिरची, थोडा ऊस आणि रताळ्यांचा मोठा तुकडा. आक्काच्या सासऱ्यांचं, दौलतबुवांचं म्हणणं असं की सगळे कापूस लावतील तर भाजी कोण लावील, आणि लोक कापूस तर खाणार नाहीत. ते खरंही ठरलं होतं. पण त्याचा एक तोटा असा की पंचक्रोशीतली रानडुकरं एकाच मळ्यावर येऊ लागली.

मळ्याच्या मधोमध चार खांबांवर उंच माळा बांधला होता. त्यावर लुगड्याचा कासोटा घट्ट मारून एक बाई उभी होती आणि तिच्या हातात तिच्याएवढी लांब बंदूक होती. मी दाजींना विचारणार, ही कोण, तेवढ्यात उसात काही खसखसलं. बाईनं बंदूक खांद्याला लावली. तिच्या गालापाशी भडका उडाला, मग मोठा बार झाला, पांढरा धूर पसरला आणि उसातून चार-दोन काळी धुडं ओढ्याकडे पळाली. आमचे बैल जागचे हलले नाहीत. मी मात्र गाडीच्या तळाशी बसलो होतो.

धुरातून आवाज आला, "केशवा, आला का रे तू? थांब, खाली येतो मी."

ती आक्का होती. लहानपणी दिवाळीत फटाक्याला भिऊन माझ्यामागे लपणारी माझी आक्का. आणि 'येतो' म्हणाली. तिकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. ती आता पुरती तिकडची झाली होती. माळ्यावरून उतरली, बंदूक दाजींच्या हातात दिली आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. हाताला बंदुकीच्या दारूचा उग्र वास होता.

रात्री तिनं रोडगे केले होते. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यावर तूप घालायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. भाजी तोंडात घातली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आपल्याकडे पाहुण्याला गोड करतात. तिकडे पाहुण्याचा मान राखायचा तर भाजीत मिरची कमी पडू द्यायची नाही.

दौलतबुवा समोर बसले होते. ऐन उमेदीत ते निजामाच्या फौजेत होते. बंदूक त्यांचीच. पुढं साहेबाच्या कचेरीतून पीक राखण्यापुरता परवाना घेऊन त्यांनी ती ठेवली होती. जन्मभर बार उडवून त्यांचे कान गेले होते, म्हणून ते सगळ्यांशी मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला बोलावं तसं बोलत.

"पाय," ते गरजले, म्हणजे 'पाहा', आणि बंदुकीची नळी दिव्यापाशी धरून मला आत बघायला लावलं. "आत पेच हायेत. जिन्यावानी गोल गोल. गोयी फिरत जाते, सरय जाते. अशी बंदूक इकडं कोनापाशी नाई."

मी विचारलं, "मग दाजी का नाही चालवत?"

दाजींनीच उत्तर दिलं. "मी चालवतो ना. पन चाप ओढतानी डोये मिटते माहे. एकदा बापाची पगडी पाडली मी."

"पगडी पाडली," बुवा म्हणाले. तेवढं त्यांना ऐकू आलं होतं. "म्हनून सुनेले शिकवलं."

आक्का माझ्याकडे पाहत होती. "तुले बी शिकवतो," ती म्हणाली. "भाऊबीजेले बहिनीनं मागितलेलं भावानं द्यावं लागते. मले हेच पाह्यजे. तू बार काढायचा."

बाळापूर

पण बार काढायला गार, म्हणजे गारगोटी हवी. या बंदुकीला वातीनं बत्ती द्यावी लागत नाही. घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा आवळून बसवलेला असतो. चाप ओढला की घोडा पोलादाच्या झाकणावर आपटतो, झाकण उघडतं, ठिणग्या खालच्या रंजकेवर पडतात आणि रंजक पेटून आतली दारू पेटते. आक्काच्या बंदुकीची गार झिजून बोथट झाली होती, आणि घोड्याची कमानही ढिली पडली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी आक्का, दाजी आणि मी गाडी जोडून बाळापूरला गेलो.

बाळापूरचा किल्ला दोन नद्यांच्या मध्ये उभा आहे. दोन्हीकडे पाणी आणि मधे विटांच्या चढत्या भिंती. दाजी बंदूक घेऊन हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शिकलगाराच्या दुकानी बसले. आम्ही बहीणभाऊ नदीच्या पात्रात गारगोट्या शोधायला उतरलो. पाणी घोट्याएवढं आणि थंडगार. आक्का दगड उचलायची, दातांवर हलकेच वाजवून बघायची, नको असला की पाण्यात टाकायची. मला जो दगड चांगला वाटे तो तिला नेमका नको असे. मी रंग बघत होतो, ती धार बघत होती.

घरात चार माणसांसमोर मला बोलता आलं नसतं. इथं आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "आक्का, आईनं ऐकलंय, दाजी दुसरं लग्न करणार म्हणून."

तिनं हातातला दगड उलटून पाहिला. "आईले कोनं सांगतलं?"

"बैलांच्या व्यापाऱ्यानं."

"खोटं नाई सांगतलं," ती म्हणाली. "आले होते लोक. गावात कापसाचा पैसा आला तवापासून ज्याच्या त्याच्या दारी पोरी दाखवाले येऊन राहिले. आमच्या बी आले, उन्हायात. मी गूळपानी दिलं आन् दाराआडून आयकत राहिलो."

"मग?"

"मंग तुहे दाजी म्हनाले, पाहुनेहो, या घरात एका बाईच्या हाती बंदूक हाये, तेवढी बस झाली. दुसरीले द्याले माह्यापाशी दुसरी बंदूक नाई." आक्का बोलता बोलता थांबली. तिच्या ओठांचे कोपरे हलत होते. "मामाजीले, माह्या सासऱ्याले, काई ऐकू आलं नाई. बंदूक एवढंच ऐकू आलं. त्याईले वाटलं, पाहुने बंदूक इकत घ्याले आले. ते काठी घेऊन उठले. इकायची नाई, मेलो तरी इकायची नाई, म्हनत पाहुन्याईले पार ओढ्यापरेंत घालवून आले."

मी हसलो, पण तिच्याकडे पाहून विचारलं, "तू रडलीस?"

"तवा नाई. ते नाई म्हनाले, मंग रडलो. लय रडलो." तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि खाली वाकून एक काळपट मधाच्या रंगाचा तुकडा उचलला. दगडावर दगड मारला तशी दिवसाउजेडीही ठिणगी दिसली. "हे पाय. अशी पाह्यजे."

माझ्या डोक्यावरून मोठं ओझं उतरलं होतं. मी त्या आनंदात पात्रात पाय घसरून कंबरेपर्यंत बुडालो. शिकलगाराच्या दुकानी पोचलो तेव्हा दाजींनी माझ्या ओल्या धोतराकडे पाहिलं, आक्काच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता आपला कोरडा पंचा मला दिला.

भोपळा

पाडव्याच्या सकाळी मळ्याच्या कडेला बाभळीच्या बुंध्यावर एक लाल भोपळा ठेवला. त्याच्यामागे मातीचा उंच बांध, तिकडे त्याला धुरा म्हणतात; गोळी चुकली तर मातीत जावी. बुवा बाजेवर बसले. दाजी त्यांच्याही मागे जाऊन बसले. आक्कानं बंदूक माझ्या हातात दिली. ओल्या झेंडूची भरली पाटी मी रोज डोक्यावर वाहतो, पण हे वजन निराळं. सगळं पुढं ओढ घेतं.

तिनं एकेक करून शिकवलं. आधी नळी उभी धरून मापानं दारू ओतायची. मग जुन्या लुगड्याची चिंधी करडईच्या तेलात भिजवून नळीच्या तोंडावर ठेवायची, त्यावर शिशाची गोळी, आणि लांब सागवानी गजानं ती पार तळापर्यंत ठासायची. मग आडवी धरून, घोडा अर्धा ओढून, झाकण उघडून चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, घालायची. झाकण बंद. घोडा पुरता मागे.

"आता दस्ता खांद्यात रुतव. सैल धरशीन तर लाथ बसन. आन् रंजक पेटली का हालू नको. भडका आधी होते, बार मागून होते. त्या मधल्या वेयात जो हालला त्याची गोयी गेली."

मी नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी भोपळ्यावर धरली. ती भोपळ्यावर थांबेना. चाप ओढला. डोळ्यापाशी फस्स करून भडका उडाला, माझी उजवी भुवई करपल्याचा वास आला, आणि पुढं काहीच नाही. मी वाट पाहत उभा.

"काना बुजला," आक्का म्हणाली. "ठेव तशीच. तोंड भोपयाकडंच ठेव." थोडं थांबून तिनं बंदूक घेतली, काना, म्हणजे रंजकेखालचं छिद्र, काट्यानं साफ केलं आणि पुन्हा रंजक घातली.

दुसऱ्या खेपेला बार झाला. मला कळलं ते असं की मी भडका उडताच डोळे मिटले आणि बंदुकीनं मला मागच्या मिरच्यांत नेऊन बसवलं. बाभळीच्या शेंड्यावरून फांदी तुटून खाली आली. भोपळा होता तिथंच होता. मागून दाजींचा आवाज आला, "सायेबुवा, तुमी माह्याच घरान्यातले."

तिसऱ्या खेपेला मी आक्काला म्हणालो, मीच भरतो सगळं, तू हात लावू नकोस. दारू ओतली, चिंधी घातली, गोळी ठासली, रंजक घातली, नेम धरला. डोळे उघडे ठेवले. बार झाला. धूर सरला तरी भोपळा शाबूत, पण या वेळी नळीतून काहीतरी लांबलचक, भाल्यासारखं, सूं करत गेलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

बुवा बाजेवरून उठले. "गज," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. तेही हळू आवाजात, म्हणून मला जास्त लाज वाटली.

मी गज नळीतून काढायला विसरलो होतो.

गजाविना बंदूक म्हणजे नुसती काठी. मग ऐन पाडव्याच्या दिवशी आम्ही चौघं शेजाऱ्याच्या कापसात गज शोधत फिरलो. बोंडं पायाला घासत होती, कपड्यांना कापूस चिकटला होता. शेजारी शेतात आला, काय हरवलं म्हणून विचारून त्यानं कारण ऐकलं आणि धुऱ्यावर बसून पोट धरून हसला. मग तोही शोधू लागला. शेवटी दाजींना सापडला. लांबच्या धुऱ्यात एखादं रोप लावावं तसा तो सरळ उभा रोवला होता. तुटला नव्हता. आक्कानं तो धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला. "पुन्हा भर," म्हणाली. मी पुन्हा भरली. भोपळा नाहीच फुटला, पण गोळी बुंध्यात रुतली, आणि बुवांनी स्वतः जाऊन त्या भोकात बोट घालून पाहिलं. खांदा संध्याकाळपर्यंत जांभळा झाला होता. रात्री आक्कानं त्यावर हळद आणि तेल चोळलं, आणि मी एवढ्या आनंदात होतो की वांग्याची भाजी आणखी मागून घेतली.

भाऊबीज

भाऊबिजेच्या दिवशी ओवाळायचं ते दिवस मावळल्यावर. त्याआधी मळ्यावर एक फेरी हवी होती. उन्हं तिरपी झाली तसे मी आणि आक्का माळ्यावर चढलो. बंदूक मीच भरली होती. गज बाहेर काढून मांडीखाली ठेवला होता. दाजी खाली पाटाचं पाणी रताळ्यांत वळवत होते.

उसातून डुक्कर निघालं ते आवाज न करता. कळपातलं नव्हतं, एकटं होतं. खांद्यावर राठ केस, पांढरे सुळे वर वळलेले. दाजींची पाठ त्याच्याकडे होती. आक्कानं हाक मारली, दाजी वळले, आणि हातातलं फावडं टाकून जवळच्या बाभळीवर चढले. एवढा मोठा माणूस एवढ्या चपळाईनं चढेल असं मला वाटलं नव्हतं. डुकरानं झाडाला धडक दिली. बाभूळ कोवळी होती. दाजींसकट हलली.

मी बंदूक आक्कापुढे केली. तिनं घेतली नाही.

"मी तुह्या जागी सरकलो तर हा माया हालते," ती हळू म्हणाली. "इथून तुलेच दिसते. डुकरावर नेम नको धरू, वर ते बसले हायेत. त्याच्या तोंडापुढची माती पाय. नुसती माती."

झाडावरून दाजी म्हणाले, "सायेबुवा, सावकास करा. पन लवकर करा."

मी दस्ता खांद्यात रुतवला. जांभळ्या जागेवर तो असा बसला की डोळ्यांपुढे चमकलं. माशी ओल्या मातीवर धरली. डुक्कर मागं सरलं, पुन्हा धडक द्यायला डोकं खाली घातलं. मी घोडा मागे ओढला. आक्काचा हात माझ्या पाठीवर होता, नुसता टेकलेला. चाप ओढला. भडका उडाला. आणि त्या मधल्या वेळात, जो पापणी लवायच्या आत संपतो पण मला सबंध संध्याकाळीएवढा लांब वाटला, मी हललो नाही.

बार झाला. डुकराच्या नाकापुढची माती आणि चार रताळी हवेत उडाली. ते एकदा जागच्या जागी फिरलं आणि ओढ्याकडे असं सुटलं की शेवटी नुसती ओढ्याकाठची शेवरीची झुडपं हलताना दिसली.

मग झाडावरून आवाज आला, "गेलं का?"

"गेलं," आक्का म्हणाली. "उतरा आता."

"उतरता येत नाई," दाजी म्हणाले. "काटे हायेत."

चढताना त्यांना काटे लागल्याचं कळलंच नव्हतं. त्यांना बाभळीवरून उतरवून घरी आणायला अंधार पडला. अंगणात समईच्या उजेडात आक्का त्यांच्या पाठीतले, मांडीतले काटे सुईनं काढत बसली, आणि मी पाटावर टोपी घालून ओवाळणीची वाट पाहत बसलो. मी घडलेलं सगळं बुवांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी माझ्या काजळलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "डोये उघडे होते?"

"उघडे होते बुवा."

त्यांनी मान डोलावली आणि बंदूक पुसायला घेतली.

मग आक्कानं तबक आणलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, दिव्यानं ओवाळलं. तिच्या कपाळावरही दारूची काळी रेघ होती. आईनं दिलेलं हिरवं लुगडं मी तबकात ठेवायला हात पुढं केला, तेव्हा बाजेवर पालथे पडलेले दाजी मान वर करून म्हणाले, "सायेबुवा, ओवायनी मले द्या. बाभयीवर मी बसलो होतो."

आक्काच्या हातातल्या तबकातला दिवा लवलवला. तिनं घाईनं तबक खाली ठेवलं आणि ती हसू लागली. तोंडाला पदर न लावता, मान मागे टाकून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. ते एवढं मोठं होतं की दौलतबुवांनी बंदुकीवरून मान वर केली आणि काय ऐकू आलं म्हणून दाराकडे पाहिलं.